सहा दिवस, चौदा माणसं, एक वाडा: कमी पैशांत लघुपट कसा करायचा

वाईजवळच्या एका गावात आमच्या लघुपटाचं शूटिंग चालू होतं. तिसरा दिवस, सकाळचे दहा. चुलीपुढे बसलेली आई आणि शहरातून आलेला मुलगा जमिनीच्या वाटणीबद्दल पहिल्यांदा तोंड उघडतात, असा प्रसंग. अख्ख्या फिल्मचा जीव त्यात. आणि भिंतीपलीकडे पिठाची गिरणी सुरू झाली. साउंडवाल्या मित्राने हेडफोन कानावरून खाली घेतले आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं.

मी पळत गेले, गिरणीवाल्या काकांना हात जोडले. त्यांनी काही न विचारता मोटर बंद केली. प्रसंग दीड तासात झाला, फार चांगला झाला. मी हवेत तरंगत बाहेर आले, तर गिरणीच्या ओट्यावर सात-आठ बायका दळणाचे डबे घेऊन उन्हात बसलेल्या. त्यातली एक म्हणाली, "झालं का तुमचं? आमच्या भाकऱ्या व्हायच्यात अजून."

तेव्हापासून 'आम्ही झिरो बजेटमध्ये फिल्म केली' असं कुणी छाती काढून सांगितलं की मला त्या बायका दिसतात. झिरो बजेट असं काही नसतं. बिल येतंच, फक्त ते दुसऱ्याच्या नावावर फाटतं: मावशीच्या, गिरणीवाल्याच्या, चार रात्री न झोपलेल्या असिस्टंटच्या. हे बिल आधीच नीट मांडलं तर फिल्मही बरी होते आणि पुढच्या फिल्मला माणसंही येतात. खाली सांगितलंय ते विसेक मिनिटांच्या लघुपटाच्या अनुभवावरून. पूर्ण लांबीच्या सिनेमालाही बरंचसं लागू पडतं, फक्त ठेच मोठी लागते.

पहिली पायरी: आधी यादी, मग कथा

बहुतेक जण कथा लिहून टाकतात आणि मग लोकेशन, माणसं, वस्तू शोधत वणवण करतात. उलटं करा. वहीचं एक पान घ्या आणि फुकटात किंवा मैत्रीखात्यात काय मिळेल ते लिहा. माझ्या पानावर होतं: मावशीचा बंद वाडा, मागची विहीर, चुलतभावाची खडखडणारी एम-८० मोपेड, एकांकिकांत काम करणारे दोन मित्र, साउंड शिकलेला एक मित्र, दिवाळीनंतरची सहा दिवसांची रजा. वाटणीची गोष्ट या यादीतूनच निघाली. आधी माझ्या डोक्यात मुंबईच्या लोकलमधली प्रेमकथा होती. रेल्वेची परवानगी, तिचं शुल्क आणि गर्दी पाहता ती माझ्या ऐपतीतली नव्हतीच.

दादासाहेब फाळक्यांनी हेच केलं होतं. १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणला, पण पैसे लावायला कुणी तयार होईना. मग त्यांनी घरच्या घरी वाटाण्याचं रोप उगवताना थोडंथोडं चित्रित केलं आणि ती छोटीशी फिल्म लोकांना दाखवली. त्यावर भांडवल उभं राहिलं आणि ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. कुंडी, रोप आणि ऊन. त्यांच्या यादीत तेवढंच होतं.

यादीत वेळही धरा. आसामच्या रीमा दास यांनी 'व्हिलेज रॉकस्टार्स' आपल्याच गावाकडे, गावच्या मुलांना घेऊन, कॅमेरा स्वतः चालवून केला. एका दमात नव्हे, काही वर्षं सवडीसवडीने. २०१८ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांच्यापाशी मोठं युनिट नव्हतं, पण पाऊस येईपर्यंत थांबता येत होतं. मला थांबता येणार नव्हतं, सोमवारी ऑफिस होतं. म्हणून माझ्या पटकथेत पाऊस नाही.

पटकथा झाली की लाल पेन घेऊन महागडे शब्द शोधा. 'रात्र', 'पाऊस', 'वरात', 'धावती एसटी', 'तान्हं बाळ', 'जनावर'. लिहायला एक शब्द, निस्तरायला एक दिवस. आमच्या पटकथेत म्हैस होती. फिल्म सेन्सॉरला न्यायची तर पडद्यावरच्या जनावरासाठी प्राणी कल्याण मंडळाची कागदपत्रं लागतात, शिवाय म्हैस दिग्दर्शकाचं ऐकत नाही. म्हैस गेली, तिचं रेकणं साउंडट्रॅकवर राहिलं. गोठा आहे हे प्रेक्षकाला कळलं, विषय संपला. रात्रीचे दोन प्रसंग आम्ही भर दुपारी केले: खिडक्यांना बाहेरून काळं कापड, वर गोधड्या, आत एक मंद पिवळा दिवा. तिसरा रात्रीचा प्रसंग दिवेलागणीला नेला, आणि तिथे मी फसले. संध्याकाळचा तो निळा उजेड जेमतेम वीस मिनिटं टिकतो. आमचे तीन शॉट ठरले होते, एकच मिळाला.

लांबीचा अंदाज पानांवरून बांधू नका. पटकथेच्या ठरावीक फॉरमॅटात एक पान म्हणजे साधारण एक मिनिट हा ठोकताळा आहे, पण वहीत हाताने लिहिलेल्या पानाला तो लागू नाही. मोठ्याने वाचा, न बोलताच्या जागाही मनात जगा, घड्याळ लावा. दिवसाला पडद्यावरच्या चार मिनिटांपेक्षा जास्त काम धरलंत तर शेवटच्या दिवशी तुम्ही प्रसंग शूट करत नाही, उरकता.

दुसरी पायरी: पैशाची वही

आमचा खर्च सगळा मिळून २ लाख ६० हजार झाला. यातले सव्वा लाख माझी बचत, बाकी तेवीस जणांकडून. हिशेब उघडा करते, कारण यात कुणी उघडं बोलत नाही.

जेवण, नाश्ता, चहा: चौदा माणसं, माणशी रोज २५० रुपये, सहा दिवस, म्हणजे २१,०००. कॅमेरा आणि लेन्स भाड्याने, २७,०००. साउंड रेकॉर्डिस्ट त्याच्या किटसकट, ३०,०००. गाडी, डिझेल, टोल मिळून २२,०००. राहणं ८,०००. लाइट, थर्माकोल, कापड, ९,०००. कपडे आणि घरातलं सामान १४,०००. कलाकारांचं मानधन २०,०००. शूटिंगनंतर ध्वनीचं काम आणि मिक्सिंग ३५,०००, रंगसंस्करण १५,०००, संगीत १०,०००. दोन हार्ड डिस्क १०,०००. महोत्सवांची प्रवेश शुल्कं १५,०००. झाले २ लाख ३६ हजार. वर अडीअडचणीला २४,०००, आणि ते पैसुद्धा न उरता गेले.

या आकड्यांत कॅमेरा २७ हजारांचा आहे आणि आवाज ६५ हजारांचा, म्हणजे एकूण खर्चाचा चौथा हिस्सा. हे चुकून झालेलं नाही. कारण पुढे सांगते.

लोकांकडून पैसे गोळा करण्याची आपल्याकडे जुनी वाट आहे. श्याम बेनेगलांचा 'मंथन' १९७६ साली गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांच्या दोन-दोन रुपयांतून उभा राहिला. पण त्या शेतकऱ्यांची आधीपासून बांधलेली सहकारी संस्था होती, हे विसरू नका. तुमच्यामागे अशी संघटना नसेल तर अनोळखी माणूस इंटरनेटवर तुमचं आवाहन वाचून पैसे देईल या भ्रमात राहू नका. देतात ते ओळखीचे. म्हणून सरसकट मेसेज न टाकता एकेकाला फोन करा, रक्कम स्पष्ट सांगा आणि पहिल्याच वाक्यात म्हणा: हे पैसे परत येणार नाहीत. लघुपटाला नफा होत नाही. 'नफा झाला की वाटा देऊ' असं कलाकाराला किंवा मित्राला सांगणं म्हणजे गोड बोलून फसवणं. मानधन नसेल तर नाही म्हणा, त्यावर माणूस हो किंवा नाही म्हणेल. दोन्ही उत्तरं चालतात.

राज्य सरकारची मराठी चित्रपटांसाठी अर्थसाहाय्य योजना आहे, पण ती पूर्ण लांबीच्या, तयार झालेल्या चित्रपटांचं परीक्षण करून दर्जानुसार पैसे देते. म्हणजे पैसे नंतर येतात, आले तर. त्या भरवशावर घर गहाण टाकलेली माणसं मी पाहिली आहेत. फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण ठेवली होती हे खरं, पण ते फाळके होते.

तिसरी पायरी: माणसं जमवा, कागद करा

कलाकार शोधायला ऑडिशनच्या जाहिराती देण्यापेक्षा एकांकिका पाहा. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे आणि जिल्ह्याजिल्ह्यांत अशा स्पर्धा होतात. तिथे कष्टाला न घाबरणारी, वेळ पाळणारी मुलंमुली भेटतात. अडचण एकच, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकायची सवय. कॅमेरा दीड फुटावर असताना ती नडते. उपाय म्हणून आम्ही तालमी वाड्यातच, स्वयंपाकघरात केल्या, प्रत्यक्ष भाजी चिरत, भांडी घासत. हात कामात गुंतले की आवाज आपोआप खाली येतो. आणि स्पर्धांच्या हंगामात तारखा लावू नका, निम्मं युनिट तालमीला पळेल.

तांत्रिक माणसांत एकाला पैसे द्यायचे असतील तर साउंडवाल्याला द्या. दोघांना द्यायचे असतील तर दुसरा सहायक दिग्दर्शक. दिग्दर्शकाला खुल्या मनाने 'आता पुरे, पुढचा शॉट' म्हणणारं कुणीतरी लागतं. जिवलग मित्राला या कामावर ठेवू नका. मैत्री तरी जाईल नाहीतर शेड्यूल.

प्रत्येकाशी एका पानाचा साधा मराठी कागद करा: काम काय, किती दिवस, पैसे किती आणि कधी, नाव श्रेयनामावलीत कसं येईल, चित्रीकरण कुठेकुठे दाखवलं जाईल. जागेच्या मालकाची संमती वेगळी. मावशी म्हणाली, "माझ्याकडून सही? तुला लाज नाही वाटत?" वाटली. पण वाड्याला चार हिस्सेदार होते, आणि फिल्मचा विषय वाटणी! त्यातल्या एका मामांनी नंतर 'आमच्या घरातलं धुणं गावासमोर धुतलंत' म्हणून फोन केला, तेव्हा सर्वांच्या सह्यांचा तो कागदच कामी आला. पटकथेची नोंद मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे करून ठेवा. खर्च किरकोळ, झोप चांगली लागते.

चौथी पायरी: रेकी डोळ्यांनी नाही, कानांनी

रेकीला, म्हणजे शूटिंगची जागा आधी पाहायला, गेलं की सगळे मोबाइल काढून फ्रेम शोधत बसतात. आधी दहा मिनिटं डोळे मिटून उभे राहा. आणि ज्या वेळी शूटिंग करणार त्याच वेळी जा. मी रविवारी संध्याकाळी गेले होते. गिरणी बंद, शाळा बंद, वाडा कसा शांत. शूटिंग कामाच्या दिवसांत होतं. गिरणीचा प्रकार माझ्या त्या आळसातून झाला.

कृष्णाकाठच्या गावांत दिवाळीनंतर आणखी एक गोष्ट असते, उसाचा हंगाम. कारखान्याकडे निघालेले ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या, आणि त्यावर फुल आवाजात गाणी. चालकाला थांबवून उपयोग नाही, मागून दुसरा येतोच. आम्ही एका पोराला वळणावर उभं केलं. ट्रॅक्टर दिसला की तो फोन करायचा, आम्ही दीड मिनिट थांबायचो. या पोराचं नाव श्रेयनामावलीत 'ट्रॅक्टर पर्यवेक्षक' असं आहे.

विजेचंही तिथल्या तिथे पाहा. जुन्या वाड्यात बहुतेक पाच अँपिअरचे प्लग असतात, त्यांवर साधारण हजार-अकराशे वॅटच्या वर भार टाकू नये. आमचे दोन एलईडी मिळून चारशे वॅटचे, त्यांनी काही झालं नाही. फ्यूज उडाला तो चहाच्या इलेक्ट्रिक किटलीने. गावातला वायरमन पहिल्या दिवशीच ओळखीचा करून घ्या.

परवानग्या: ग्रामपंचायतीचं पत्र आणि पोलीस ठाण्यात लेखी कळवणं एवढं किमान. सरकारी जागांसाठी राज्याच्या फिल्म सेलची एक खिडकी योजना आहे. किल्ला, लेणी अशी संरक्षित वास्तू असेल तर पुरातत्त्व खात्याकडे जावं लागतं, आणि त्यात आठवडे जातात. ड्रोन उडवायचा असेल तर २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हिरवा, पिवळा, लाल पट्टा नकाशावर पाहून घ्या. अडीचशे ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला परवान्याची सूट असली तरी लाल पट्ट्यात परवानगीशिवाय तोही चालत नाही. खरं सांगायचं तर ड्रोन वगळाच. गावावरून घिरटी घालणारा तो शॉट दर दुसऱ्या लघुपटात असतो.

पाचवी पायरी: सहा दिवसांची मांडणी

सर्वसाधारण नियम असा की कथेच्या क्रमाने नाही, जागेच्या क्रमाने शूट करायचं. स्वयंपाकघरातलं सगळं एकदम, विहिरीवरचं सगळं एकदम. लाइट एकदाच लागतात. पण नवखे कलाकार असतील तर मी यात तडजोड करते: जागेच्या आत तरी कथेचा क्रम सांभाळते.

पहिल्या दिवशी सोपं, बिनसंवादाचं काहीतरी ठेवा. आमच्या पहिल्या शॉटमध्ये मुलगा एम-८० वरून येतो आणि दाराचं कुलूप उघडतो. नारळ फुटला, शॉट झाला, चौदा जणांना कळलं की आपण खरंच फिल्म करतोय. सर्वांत अवघड प्रसंग दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी. तोवर युनिटचा सूर लागलेला असतो आणि अंगात दम असतो. शेवटचा दिवस अर्धा रिकामा ठेवा. तो भरतोच.

रात्री झोपण्याआधी कॉलशीट व्हॉट्सॲपवर जायलाच हवी: कोण किती वाजता, कुठे, कोणते कपडे, जेवण कधी. आणि कंटिन्युइटीसाठी, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्याशी जुळावं म्हणून, प्रत्येक शॉटनंतर फोटो. आमच्या फिल्ममधल्या आईच्या कपाळावरचं कुंकू एका शॉटमध्ये गोल आहे, पुढच्यात उभं. अजून कुणी पकडलेलं नाही. आता पकडाल.

जेवणाचं नीट ऐका. पैसे वाचवायला जेवणात काटकसर करणारा निर्माता मूर्ख असतो. फाळक्यांच्या युनिटचा स्वयंपाक त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी केला, शिवाय कच्च्या फिल्मच्या कडेला भोकं पाडण्यापासूनची कामंही केली. त्यांच्या त्या कष्टाची किंमत कुठल्या वहीत लिहिलेली नाही. म्हणून मावशीला 'तूच कर गं सगळ्यांचं' म्हणायचं नाही असं मी ठरवलं. गावातल्या बचत गटाला काम दिलं, रोजचे रोज पैसे दिले. सकाळी साडेसहाला पोहे आणि चहा, एक वाजता पिठलं-भाकरी नाहीतर आमटी-भात, साडेचारला पुन्हा चहा आणि भडंग. दोन वाजून गेले आणि जेवण झालं नाही, तर त्यानंतरचे शॉट काढू नका. भुकेल्या माणसाचा अभिनय दिसतो आणि लेन्सचा फोकस सांभाळणारा फोकसपुलर भुकेला असेल तर फोकस जातो.

सहावी पायरी: आवाज

चित्र थोडं खरखरीत, अंधारं, हललेलं असलं तरी प्रेक्षक ते शैली म्हणून गिळतो. आवाज खराब असेल तर तिसऱ्या मिनिटाला त्याचा हात मोबाइलकडे जातो. हौशी फिल्म ओळखायची खूण म्हणजे तिचा घुमणारा आवाज. कॅमेऱ्यावरच्या माइकवर विसंबू नका. काठीवरचा बूम माइक वरून, फ्रेमच्या जेमतेम बाहेर, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे रोखलेला. जोडीला छातीवर लपवलेला कॉलर माइक. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर. चित्र आणि आवाज नंतर जुळवायला क्लॅप प्रत्येक वेळी, पाटी नसेल तर टाळी.

कॉलर माइकचे शत्रू कापड आणि दागिने. फिल्ममधल्या आईची पहिली साडी सिंथेटिक होती, ती हलली की माइकमध्ये चिवड्याच्या पाकिटासारखी कुरकुर. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं मावशीच्या ट्रंकेतून काढलं, प्रश्न मिटला. बांगड्यांचं वेगळं. भाकरी थापताना बांगड्या वाजल्याच पाहिजेत, पण मुलाचं वाक्य चालू असताना नाही. जो हात फ्रेममध्ये नाही त्यातल्या बांगड्या आम्ही काढून ठेवायचो, आणि थापण्याचा आवाज नंतर वेगळा, भरपूर, घेतला. फ्रिज असेल तर बंद करा आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायचा विसरणार नाही.

प्रत्येक जागा सोडण्यापूर्वी सगळ्यांना पुतळ्यासारखं उभं करून तीस सेकंद त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करा. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. संकलनात दोन संवादांमधली भेग बुजवायला हेच सिमेंट लागतं. लोक हसतात, 'काही नाही'चं रेकॉर्डिंग करताय म्हणून. हसू द्या, पण तीस सेकंद संपल्यावर.

आणि गिरणी? त्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आणि साउंडवाला मित्र काकांकडे जाऊन बसलो. ते दहाला मोटर चालू करतात, दीडला जेवायला जातात, चारला परत येतात. अख्खं शेड्यूल त्या वेळापत्रकावर पुन्हा मांडलं. संवाद सकाळी सात ते दहा आणि दुपारी दीड ते चार, मुके प्रसंग मधल्या वेळात. गिरणी पुन्हा एकदाही बंद करावी लागली नाही. हे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. काकांनी बुडालेल्या दीड तासाचे पैसे घेतले नाहीत. मी त्या बायकांच्या घरी गेले नाही, कोणकोण होत्या ते विचारलंही नाही. ते राहूनच गेलं.

सातवी पायरी: कॅमेरा, उजेड, डेटा

इथे थोडक्यात, कारण यावर हवं तेवढं बोलणारे हजार जण आहेत. शॉन बेकर यांनी २०१५ चा 'टँजरीन' आयफोन ५एस वर केला. फोनवर करायचं तर फ्रेम रेट, शटर, व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर लॉक करणारं ॲप वापरा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून शटर १/५० ठेवलं की ट्यूबलाइट लपलपत नाही. २४ की २५ फ्रेम्स हे पहिल्या दिवसाआधी ठरवा आणि सगळ्या कॅमेऱ्यांवर तेच ठेवा.

उजेडासाठी पांढरं थर्माकोल आणि काळं कापड या दोन गोष्टींनी निम्मं काम होतं. एकाने उजेड वाढवायचा, दुसऱ्याने खायचा. दुपारी बारा ते तीन अंगणात शूट करू नका, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. त्या वेळी आत जा. जुगाडाला लाजू नका. मालेगावात नासिर शेख यांनी यंत्रमागांच्या गावात सिनेमे करताना बैलगाडीची क्रेन केली आणि सायकलची ट्रॉली. फक्त एक पाहा, जुगाड करायला लागणारा वेळ शॉटच्या मोलाचा आहे का. आमची पाटाची ट्रॉली बनवण्यात दोन तास गेले आणि तो शॉट फिल्ममध्ये नाही.

डेटाच्या तीन प्रती: दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, तिसरी वेगळ्या जागी. भरलेल्या कार्डाला लाल टेप. कार्ड फॉरमॅट करायचा अधिकार एकाच माणसाला, आणि तो माणूस दिग्दर्शक नसावा.

आठवी पायरी: कापाकापी

शूटिंगनंतर दोन आठवडे फुटेज उघडू नका. प्रत्येक शॉटमागे किती घाम गाळला हे विसरायला तेवढे लागतात. डाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत संकलन, रंग, ध्वनी सगळं होतं. सुरुवातीला पैसे घालू नका. आमचा रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं संकलन, एकतीस मिनिटांचा होता. मला प्रत्येक मिनिट अमूल्य वाटत होतं. मग तो शेजारच्या, सिनेमाशी संबंध नसलेल्या काकूंना दाखवला. मी पडदा पाहिला नाही, काकूंना पाहिलं. त्या चार ठिकाणी चुळबुळल्या. चारही जागा कापल्या, त्यात माझा सर्वांत लाडका, विहिरीत पडणाऱ्या पानाचा शॉटही गेला. शेवटी एकोणीस मिनिटं.

संगीताचा सापळा सांगते. पार्श्वभूमीला रेडिओवर जुनं मराठी गाणं लावावंसं वाटतं. लावू नका. त्या गाण्याचे शब्द-चाल हा एक हक्क, आणि त्या ध्वनिमुद्रिकेचा हक्क दुसरा, दोन्हींसाठी परवानगी लागते. 'दहा सेकंद चालतात' ही लोणकढी थाप आहे. आम्ही गावातल्या एका आजींकडून जात्यावरची पारंपरिक ओवी गाऊन घेतली. ओवी कुणा एकाची नाही, पण तो गळा आजींचा. म्हणून त्यांना पैसे दिले, संमती घेतली, श्रेयनामावलीत नाव दिलं. संगीतकाराने नंतर त्या ओवीखाली फक्त एक तंबोरा ठेवला.

नववी पायरी: फिल्म बाहेर पाठवणं

पहिला मोह यूट्यूबवर टाकण्याचा. थांबा. अनेक महोत्सवांना आधी कुठे न दाखवलेली फिल्म हवी असते. वर्षभर महोत्सवांना द्या, मग टाका. लघुपटांसाठी मुंबईचा मिफ दोन वर्षांतून एकदा भरतो, केरळचा लघुपट-माहितीपट महोत्सव आहे. पूर्ण लांबीच्या फिल्मसाठी पुण्याचा पिफ, गोव्याचा इफ्फी आणि त्याच सुमारास तिथेच भरणारा, फिल्मच्या खरेदी-विक्रीचा फिल्म बाजार. परदेशी महोत्सवांचे अर्ज ऑनलाइन भरता येतात, पण प्रत्येकाचं शुल्क असतं आणि नुसत्या प्रवेशशुल्कावर जगणारे, बक्षिसांची खिरापत वाटणारे 'महोत्सव' ढिगाने आहेत. आधीच्या वर्षी कुठे, कोणत्या थिएटरात फिल्म दाखवल्या ते शोधा. पत्ता सापडला नाही तर पैसे पाठवू नका. मी असे साडेतीन हजार घालवलेत.

इंग्रजी सबटायटल्स स्वतः करू नका. 'सोयरसुतक' हा शब्द दोन सेकंदांत वाचता येईल अशा इंग्रजीत आणणं हे वेगळ्या माणसाचं काम आहे. थिएटरात दाखवायला डीसीपी, म्हणजे तिथल्या प्रोजेक्टरवर चालणारी डिजिटल प्रत, लागते, ती मोफत सॉफ्टवेअरवर घरी बनवता येते, पण एकदा खऱ्या पडद्यावर तपासून घ्या. जाहीर प्रदर्शनासाठी सेन्सॉरचं प्रमाणपत्र हवं. महोत्सवांना त्यातून सूट मिळण्याची सोय आहे. यूट्यूब आणि ओटीटीला ते लागत नाही.

दहावी पायरी: उधारी

आम्हाला तीन महोत्सवांत जागा मिळाली, अकरांनी नकार कळवला, बाकीच्यांनी कळवलंही नाही. पण पहिला खेळ आम्ही वाड्यातच केला, फक्त मदत केलेल्यांसाठी. अंगणात दोरीवर पांढरी चादर, मित्राचा प्रोजेक्टर, बचत गटाचा चहा. ट्रॅक्टर पर्यवेक्षक पहिल्या रांगेत. मावशीने आपलं लुगडं ओळखलं आणि शेवटपर्यंत त्याबद्दलच बोलत राहिली. ओवीच्या वेळी आजींच्या नातीने त्यांचा हात धरला होता.

संपल्यावर गिरणीवाले काका माझ्याकडे आले. चेहरा जरा उतरलेला.

"चांगलं झालंय," ते म्हणाले. "पण आमच्या गिरणीचा आवाज कुठंच आला नाही की गं."